पन्नास मिलिग्रॅमची कसोटी : नीलाविकार आणि हॉर्स चेस्टनटची बी

पायांच्या नीलांच्या जुनाट विकारावर जगभर नाना वनस्पती वापरल्या जातात. परंतु ज्यांच्याविषयी मोजमापाच्या आधारे विश्वासाने काही सांगता येते अशा वनस्पती फार थोड्या आहेत, आणि त्या थोड्यांमध्ये बाल्कन प्रदेशातील हॉर्स चेस्टनट या वृक्षाच्या बीचा अर्क अग्रभागी आहे. युरोपात, विशेषतः जर्मनीत, हा अर्क गेली कित्येक दशके डॉक्टरांच्या आणि औषधविक्रेत्यांच्या नेहमीच्या वापरात असून त्याच्यावर जितक्या नियंत्रित चाचण्या झाल्या तितक्या वनौषधींच्या वाट्याला क्वचितच येतात. या व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे की, त्या अर्काला वैद्यकात जे स्थान मिळाले ते झाडाच्या लोकपरंपरेमुळे मिळालेले नसून, त्यातील क्रियाशील घटकाची मात्रा ठरली, रोगाची व्याख्या नेमकी झाली आणि परिणाम मोजला गेला म्हणून मिळाले. यांपैकी एक जरी गोष्ट वगळली तरी त्याच झाडापासून केलेले दुसरे उत्पादन त्या पुराव्यावर हक्क सांगू शकत नाही.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे, कारण औषधाविषयीचे बहुतेक गैरसमज रोगाविषयीच्या गैरसमजातून उद्भवतात. हृदयातून निघालेले रक्त रोहिण्यांतून शरीरभर जाते आणि नीलांतून परत येते. पायांच्या बाबतीत हा परतीचा प्रवास गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करावा लागतो. स्थिर उभ्या असलेल्या प्रौढ माणसाच्या घोट्यापाशी नीलेतील दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटर इतका असतो आणि चालू लागताच तो ३० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. ही किमया दोन गोष्टींची आहे. एक म्हणजे पोटरीचे स्नायू, जे आकुंचन पावताना खोलवरच्या नीला दाबून रक्त वर ढकलतात. आणि दुसरी म्हणजे नीलांमधील एकेरी झडपा, ज्या वर गेलेले रक्त पुन्हा खाली येऊ देत नाहीत. पादुआ येथील शरीररचनाशास्त्रज्ञ फाब्रिसिउस याने या झडपांचे सविस्तर वर्णन १६०३ मध्ये प्रसिद्ध केले, परंतु त्यांचे खरे कार्य त्याला उमगले नाही. त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडताना याच झडपांचा आधार घेतला, आणि दंडाला पट्टी बांधून फुगलेल्या नीलेवर बोट फिरवून रक्त एकाच दिशेने वाहते हे दाखवणारी त्याची आकृती वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

या झडपा निकामी झाल्या, किंवा पूर्वी होऊन गेलेल्या रक्ताच्या गुठळीमुळे खोलवरची नीला अरुंद झाली, की चालतानाही घोट्याजवळचा दाब पुरेसा उतरत नाही. वाढलेल्या दाबामुळे केशवाहिन्यांच्या, म्हणजे रोहिणी व नीला यांना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म वाहिन्यांच्या, भिंतींतून रक्तद्रव पाझरतो व ऊतींत साचतो; पाय संध्याकाळी जड होतात, सुजतात, खाजतात, रात्री पेटके येतात, त्वचा घोट्याच्या वर तपकिरी व कठीण होते आणि अखेरीस तेथे व्रण पडतो जो महिनोन्महिने भरत नाही. या साऱ्या अवस्थांना मिळून जुनाट नीला-अकार्यक्षमता म्हणतात. सामान्य बोलण्यात ज्यांना व्हेरिकोज व्हेन्स किंवा फुगलेल्या शिरा म्हटले जाते त्या म्हणजे या विकाराची डोळ्यांना दिसणारी एक अवस्था आहे. १९९४ मध्ये हवाई बेटांवर भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत या अवस्थांचे ‘सीप’ या नावाने ओळखले जाणारे वर्गीकरण ठरले, ज्यात काहीही न दिसणाऱ्या शून्याव्या पायरीपासून उघड्या व्रणाच्या सहाव्या पायरीपर्यंत रोग मोजला जातो. औषधाच्या दृष्टीने हे वर्गीकरण फार मोलाचे ठरले, कारण कोणत्या पायरीवरच्या रुग्णाला कशाचा उपयोग होतो हा प्रश्न त्यामुळेच नीट विचारता येऊ लागला.

विकार किती व्यापक आहे याची कल्पना एडिंबरा येथील पाहणीवरून येते. १८ ते ६४ वर्षे वयाच्या १,५६६ नागरिकांच्या त्या तपासणीत मोठ्या पृष्ठभागीय नीला फुगलेल्या असण्याचे प्रमाण पुरुषांत सुमारे ४० टक्के व स्त्रियांत ३२ टक्के आढळले. हा प्रामुख्याने स्त्रियांचा रोग आहे या रूढ समजुतीला त्या आकड्यांनी धक्का दिला. आनुवंशिकता, वाढते वय, गरोदरपण, स्थूलता आणि दीर्घकाळ उभे राहण्याचा व्यवसाय ही त्याची ओळखीची कारणे आहेत. शिक्षक, वाहतूक पोलीस, न्हावी, उपाहारगृहातील आचारी, यंत्रमागावरचे कामगार या साऱ्यांच्या पायांवर तो महाराष्ट्रातही दिसतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथींच्या प्रकरणात सिराज ग्रंथी म्हणून जे वर्णन येते, ज्यात अशक्त माणसाच्या अतिश्रमाने वायू शिरांचे जाळे पिळवटून गाठ उत्पन्न करतो असे म्हटले आहे, ते याच विकाराशी जोडले जाते. श्रम आणि शिरा यांचा संबंध इतक्या जुन्या काळी एका शल्यवैद्याच्या ध्यानी यावा ही आदराने नोंदवण्याजोगी गोष्ट आहे.

आता त्या वृक्षाकडे वळता येईल. हॉर्स चेस्टनट युरोपच्या उद्यानांत व रस्त्यांच्या कडेला सर्वत्र दिसत असला तरी तो मूळचा अल्बानिया, उत्तर ग्रीस, मॅसेडोनिया या भागांतील डोंगरदऱ्यांचा आहे. पश्चिम युरोपला त्याची ओळख इस्तंबूलमार्गे झाली, म्हणून तो आशियाई वृक्ष असल्याची समजूत १९ व्या शतकापर्यंत टिकून राहिली. इस्तंबूलमधील शाही वकिलातीचा वैद्य क्वाकेलबेन याने १५५७ मध्ये मात्तिओली या इटालियन वनस्पतिज्ञाला लिहिलेल्या पत्रात तुर्क लोक या झाडाची फळे दम लागलेल्या घोड्यांना देतात अशी नोंद केली, आणि १५७६ मध्ये क्लुसिउस या विद्वानाला व्हिएन्नात त्याची बीजे मिळाली. लिनिअसने १७५३ मध्ये त्याला एस्क्युलस हिप्पोकॅस्टॅनम हे शास्त्रीय नाव दिले. मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी एक बाब येथे सांगण्यासारखी आहे : आजच्या वनस्पतिवर्गीकरणात हा वृक्ष रिठ्याच्या कुळात, सॅपिंडेसी या कुळात, गणला जातो, आणि रिठ्याला फेस आणणारी जी सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात त्याच जातीची द्रव्ये याच्या तकतकीत तपकिरी बीमध्येही आहेत. या सॅपोनिनांच्या मिश्रणाला एसिन म्हणतात, आणि बीचा औषधी गुण मुख्यतः त्याच्याकडे आहे.

बी जशीच्या तशी खाण्याजोगी नाही. तिच्यात स्टार्च विपुल असतो, परंतु एस्क्युलिन नावाचे विषारी द्रव्यही असते, आणि कच्ची बी, साल, पाने किंवा फूल पोटात गेल्यास उलट्या, जुलाब, अशक्तपणा अशी विषबाधेची लक्षणे उद्भवतात. त्यामुळे बीचे चूर्ण घरी करून घेणे हा या औषधाचा सौम्य प्रकार मानता येत नाही. औषध सुरू होते ते अर्क काढताना एस्क्युलिन वगळले जाते आणि एसिनचे प्रमाण ठरावीक पातळीवर, साधारणतः १६ ते २० टक्क्यांवर, आणले जाते तेव्हा. १९७६ च्या औषध कायद्यानंतर जर्मनीत वनौषधींच्या छाननीसाठी १९७८ मध्ये ‘कमिशन ई’ नावाची तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि तिने या अर्कासाठी दिवसाला एकूण १०० मिलिग्रॅम एसिन, दोन वेळांत विभागून, अशी मात्रा मान्य केली. अर्थात प्रत्येक वेळी ५० मिलिग्रॅम एसिन पोटात जाईल इतका, म्हणजे सुमारे अडीचशे ते तीनशे मिलिग्रॅम अर्क; आणि पोटातील दाह टाळण्यासाठी तो सावकाश विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून.

एसिन नेमके काय करते याविषयी प्रयोगशाळेतून बरीच माहिती मिळाली आहे. केशवाहिन्यांच्या भिंतीचा आधार असलेल्या द्रव्याचा विध्वंस करणारी हायल्युरोनिडेजसारखी विकरे, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, ते रोखते, त्यामुळे पाझर कमी होतो. नीलांच्या भिंतींतील मऊ स्नायूंना ते कॅल्शियमबाबत अधिक संवेदनशील करते, त्यामुळे त्यांचा ताण वाढतो. आणि रक्त साचून प्राणवायूची उणीव झालेल्या ठिकाणी पांढऱ्या पेशी वाहिनीच्या अस्तराला चिकटून जी जळजळ माजवतात तिलाही ते आवर घालते. मोडलेली झडप मात्र यातील कोणतीही क्रिया दुरुस्त करत नाही, ही मर्यादा आरंभीच ध्यानात घेतलेली बरी.

प्रयोगशाळेतील गुण रुग्णाच्या पायावर उतरतो की नाही हा खरा प्रश्न, आणि येथे १९९६ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झालेली डीम व सहकाऱ्यांची जर्मन चाचणी सविस्तर सांगण्याच्या योग्यतेची आहे. जुनाट नीलाविकारामुळे पाय सुजलेल्या २४० रुग्णांचे तीन गट चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यादृच्छिक पद्धतीने करण्यात आले. एका गटाला दिवसातून दोनदा ५० मिलिग्रॅम एसिन असलेला अर्क, दुसऱ्याला पायाला घट्ट बसणारे दाबाचे मोजे, आणि तिसऱ्याला प्लासिबो, म्हणजे दिसायला औषधासारखी परंतु औषधी घटक नसलेली कॅप्सूल देण्यात आली. पाय पाण्याच्या भांड्यात बुडवला असता जितके पाणी बाहेर सांडते त्यावरून पायाचे आकारमान मोजता येते, आणि हीच साधी परंतु अचूक पद्धत येथे वापरली गेली. १२ आठवड्यांनंतर अधिक बाधित पायाचे आकारमान अर्काच्या गटात सरासरी ४३.८ मिलिलिटरने आणि मोज्यांच्या गटात ४६.७ मिलिलिटरने घटले, तर प्लासिबोच्या गटात ते ९.८ मिलिलिटरने वाढले.

४४ मिलिलिटर म्हणजे सुमारे तीन मोठे चमचे द्रव. पायाच्या एकूण आकारमानाच्या तुलनेत हा फरक लहान आहे आणि तो वाढवून सांगण्यात कोणाचेही हित नाही. परंतु संध्याकाळी चप्पल घट्ट होणे, पाय शिशासारखा जड वाटणे या तक्रारी त्या तीन चमच्यांतूनच उद्भवतात, आणि दाबाच्या मोज्यांसारख्या प्रस्थापित उपचाराच्या बरोबरीने एक कॅप्सूल तेवढा द्रव कमी करते ही गोष्ट वनौषधींच्या क्षेत्रात असामान्य आहे. पुढे पिटलर व अर्न्स्ट यांनी कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय पुरावा-परीक्षण संस्थेसाठी अशा १७ यादृच्छिक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. २०१२ पर्यंत अद्ययावत केलेल्या त्या आढाव्यानुसार प्लासिबोच्या तुलनेत पायदुखी, सूज व खाज कमी झाली, सहा चाचण्यांच्या एकत्रित हिशेबात पायाचे आकारमान सरासरी ३२.१ मिलिलिटरने अधिक घटले, आणि दुष्परिणाम सौम्य व विरळ आढळले. अर्न्स्ट हे पर्यायी उपचारांचे कठोर परीक्षक म्हणून ख्यातनाम आहेत, त्यामुळे त्यांच्या लेखणीतून आलेल्या अनुकूल निष्कर्षाला विशेष वजन आहे. मात्र याच आढाव्यात त्या चाचण्या लहान होत्या व २ ते १६ आठवड्यांपुरत्याच चालल्या असेही स्पष्ट होते. वर्षानुवर्षे घेतल्यास काय होते यावर त्या काही बोलत नाहीत. ही मर्यादा असूनही युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने या अर्काला सुस्थापित वापराचा दर्जा दिला आहे.

व्रणाच्या पायरीवर चित्र बदलते. ऑस्ट्रेलियात नीलाजन्य व्रण असलेल्या ५४ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्क घेणाऱ्यांचे व्रण भरून येण्याचे प्रमाण प्लासिबोपेक्षा लक्षणीय अधिक आढळले नाही. मुख्य नीलेची झडपच निकामी असेल तर ती नीला बंद करणे हाच मूळ उपाय असतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने २०१३ मध्ये त्यासाठी नीलेच्या आतून उष्णतेने ती बंद करण्याच्या पद्धतीला पहिली, फेसाच्या इंजेक्शनला दुसरी आणि शस्त्रक्रियेला तिसरी पसंती दिली. सुजेचा त्रास असलेला, परंतु व्रणापर्यंत न पोहोचलेला रुग्ण, शस्त्रक्रियेची वाट पाहणारा किंवा ती नको असणारा रुग्ण, आणि ज्याला मोजे सहन होत नाहीत असा रुग्ण, हे या अर्काचे खरे क्षेत्र होय. कोकणातील किंवा विदर्भातील उन्हाळ्यात दिवसभर दाबाचे मोजे घालून काम करणे किती कठीण आहे हे ज्यांनी ते घातले आहेत त्यांना सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच हा शेवटचा गट भारतात लहान नसावा.

सर्वांत घातक गोंधळ मात्र ‘रक्ताभिसरण सुधारते’ या एका वाक्प्रयोगात दडलेला आहे. नीलांत रक्त तुंबते, तर रोहिणीच्या विकारात ते पोहोचतच नाही. पहिल्यात पाय वर उचलून ठेवल्याने आराम पडतो, दुसऱ्यात वेदना वाढतात. पहिल्यात चालण्याने पाय हलका होतो, तर दुसऱ्यात काही अंतर चालताच पोटरी कळ मारून थांबायला लावते. तंबाखू आणि मधुमेह यांनी रोहिण्या अरुंद झालेल्या पायावर घट्ट मोजे चढवले तर उरलासुरला पुरवठाही कमी होऊन पाय गमावण्याची वेळ येऊ शकते, आणि म्हणून मोजे देण्यापूर्वी घोट्यावरची नाडी तपासणे, घोटा व दंड यांच्या रक्तदाबांचे गुणोत्तर काढणे आवश्यक असते. हॉर्स चेस्टनटचा पुरावा केवळ नीलांपुरता आहे. रोहिणीच्या अरुंदपणामुळे होणाऱ्या चालतानाच्या कळांवर गिंको या चिनी वृक्षाच्या पानांचा अर्क फार विकला जातो. त्याच्या १४ चाचण्यांच्या कॉक्रेन आढाव्यात रुग्णाला जाणवावा असा लाभ दिसला नाही. एकाच पायात अचानक आलेली, पोटरी दुखवणारी सूज ही तर खोल नीलेतील ताज्या गुठळीची खूण असू शकते, आणि ती गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास मृत्यू ओढवू शकतो. तेथे कोणत्याही वनौषधीने एक दिवसही दवडणे अक्षम्य आहे.

अर्क घेणाऱ्यांत मळमळ, पोटाचा त्रास, डोकेदुखी, चक्कर व खाज हे दुष्परिणाम अधूनमधून दिसतात. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच गरोदर व स्तनदा स्त्रियांनी तो डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. मधुमेहाची औषधे चालू असतील तर रक्तशर्करेवर लक्ष ठेवणे शहाणपणाचे. महाराष्ट्रात हे झाड अनेकांना होमिओपॅथीच्या दुकानातील ‘एस्क्युलस’ या नावाने, मूळव्याधीवरील औषध म्हणून, ठाऊक आहे. नाव एकच असले तरी ‘३० सी’ शक्तीच्या गोळ्यांमध्ये मूळ द्रव्याचे शंभरपट विरलन ३० वेळा केलेले असते, म्हणजे एसिनची मोजता येईल अशी कोणतीही मात्रा त्यात उरत नाही; ५० मिलिग्रॅमवर उभारलेला पुरावा त्या गोळ्यांच्या पाठीशी उभा करता येत नाही. हाच नियम वेष्टनावर केवळ ‘हॉर्स चेस्टनट ५०० मिलिग्रॅम’ असे छापून एसिनविषयी मौन पाळणाऱ्या कॅप्सूललाही लागू होतो.

हिमालयात काश्मीरपासून कुमाऊँपर्यंत याच प्रजातीचा एस्क्युलस इंडिका हा वृक्ष उगवतो आणि त्याच्या बिया वाहत्या पाण्यात दीर्घकाळ भिजवून, कडवटपणा काढून, त्यांचे पीठ टंचाईच्या दिवसांत खाल्ले जात असे. त्याच्याही बीत एसिनसदृश सॅपोनिने आहेत, परंतु वर सांगितलेल्या चाचण्या युरोपीय जातीवर झालेल्या आहेत. युरोपात तर या वृक्षावरच संकट आले आहे : ओह्रिड सरोवराच्या परिसरात १९८४ मध्ये प्रथम लक्षात आलेली एक पान-पोखरणारी अळी खंडभर पसरली असून भर उन्हाळ्यात झाडे तांबडी पडतात.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जवळची वनस्पती करिवणा, अर्थात मंडूकपर्णी, ही आहे. ओलसर जागी, विहिरीच्या पाटाकडेने वाढणाऱ्या या वेलीच्या ट्रायटर्पीन द्रव्यांचा प्रमाणित अर्क फ्रान्स व इटली येथे नीलाविकारावर तपासला गेला. त्यातील एका चाचणीत ९४ रुग्णांना दोन महिने दिवसाला ६० किंवा १२० मिलिग्रॅम अर्क अथवा प्लासिबो देण्यात आला आणि जडपणा व सूज यांत अर्काची बाजू सरस ठरली. पुरावा हॉर्स चेस्टनटपेक्षा तोकडा आहे, परंतु वनस्पती आपल्या अंगणातली आहे. अडचण अशी की बाजारात ‘ब्राह्मी’ म्हणून कधी ही वनस्पती मिळते, तर कधी जलब्राह्मी, आणि या दोहोंचे कूळ व रसायन भिन्न आहे. ज्या मालाची ओळखच निश्चित नाही त्याची मात्रा ठरवणे अशक्य होय.

महाराष्ट्रात आयुर्वेद महाविद्यालये आहेत, औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत आणि नीलाविकाराने त्रस्त रुग्णांची सार्वजनिक रुग्णालयांत रोज रांग लागलेली असते. ओळख पटवलेल्या करिवण्याचा प्रमाणित अर्क तयार करून, डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणाऱ्या, तपासणीने निदान पक्के झालेल्या रुग्णांमध्ये, पाण्याच्या भांड्याने पायाचे आकारमान मोजून त्याची प्लासिबोशी तुलना करणे यांपैकी कोणत्याही संस्थेच्या आवाक्यातले काम आहे, आणि ते तिन्ही ठिकाणच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन हाती घ्यावे. तोवर नीलाविकाराच्या रुग्णांनी कोणतीही वनौषधी सुरू करण्यापूर्वी पायाच्या नीला व रोहिण्या या दोहोंची तपासणी करून घ्यावी, वेष्टनावर क्रियाशील घटकाची मात्रा वाचावी, आणि घेत असलेली प्रत्येक कॅप्सूल आपल्या डॉक्टरांना न संकोचता दाखवावी.